‘शिरानुई’ : भूमीवाचून अपुरे नाटक

इशिमुरे मिचिको (१९२७–२०१८) ह्या जपानी लेखिकेचे ‘शिरानुई’ हे नो परंपरेतील नाटक २००२ साली टोकियोत प्रथम रंगभूमीवर आले, आणि २८ ऑगस्ट २००४ रोजी मिनामाता येथे समुद्रकाठी, उघड्या आकाशाखाली सादर झाले. संहिता एकच. तरीही ह्या दोन प्रयोगांत जो भेद आहे तो केवळ स्थळाचा नव्हे, असे आमचे मत आहे. आणि तो समजावयाचा तर नाटकाआधी त्या भूमीकडे वळले पाहिजे.

मिनामाता येथील चिस्सो कंपनीच्या कारखान्यात १९३२ ते १९६८ पर्यंत अ‍ॅसिटाल्डिहाइड तयार होत असे. त्या प्रक्रियेत पारा वापरला जाई, आणि त्यापासून झालेले विषारी संयुग सांडपाण्यावाटे उपसागरात, तेथून माशांत आणि माशांवाटे कोळ्यांच्या घरांत शिरले. माणसांआधी मांजरे गेली. वेड्यासारखी गिरक्या घेत ती मरत. माणसांच्या रोगाची अधिकृत नोंद १९५६ च्या मे महिन्यात झाली. १९५९ साली कारखान्याच्याच डॉक्टरांनी एका मांजराला ते सांडपाणी अन्नातून घातले व त्याला तोच रोग जडलेला पाहिला. कंपनीने ती गोष्ट दडपली. सरकारने कारण मान्य केले ते १९६८ मध्ये. पुढे १९७७ ते १९९० ह्या काळात पारायुक्त गाळ उपसून उपसागराचा एक भाग भरून काढण्यात आला आणि सुमारे ५८ हेक्टर नवी जमीन झाली. वर स्वच्छ माती आणि हिरवळ, खाली तो गाळ. २००४ चा प्रयोग झाला तो ह्या भूमीवर.

नाटकाचे कथानक थोडके आहे. सागरदेवतेची कन्या शिरानुई समुद्रातील विष आणि तिचा भाऊ तोकोवाका भूमीवरील विष आपल्या अंगावर घेऊन निपटीत आले आहेत. दोघांचीही शरीरे झिजून गेली आहेत. मरणापूर्वी किनाऱ्यावर त्यांची भेट होते, आणि प्रेते जाळणारा एक वृद्ध त्यांना पुढील जन्मी विवाहाचे वचन देतो. हा वृद्ध वस्तुतः बोधिसत्त्व असतो. (डोंबाघरी राबलेला हरिश्चंद्र येथे मराठी वाचकास आठवल्यावाचून राहणार नाही.) भावाबहिणीचा विवाह आपल्या वाचकास खटकेल, ऋग्वेदातील यमाने यमीला नकारच दिला होता. परंतु येथे वधूवर म्हणजे समुद्र आणि भूमी आहेत हे ध्यानी आले की त्या खटकण्याचे कारण उरत नाही. शेवटी ‘की’ नामक प्राचीन चिनी संगीतदेवता येते, किनाऱ्यावरचे दगड एकमेकांवर आपटून नाद करते आणि मेलेल्या मांजरांना नाचावयास बोलाविते. ज्या गिरक्या मरणाच्या होत्या त्याच नृत्य होऊन परत येतात. हे रूपांतर आम्हांस सबंध नाटकात सर्वश्रेष्ठ वाटते. आम्ही संहिता अनुवादातूनच जाणतो, तरीही त्याचा प्रत्यय येतो.

आता दोष. ह्या नाटकात विष आहे, पण विष ओतणारा नाही. पात्रांत कारखान्याचे कोणी नाही. केवळ वाचणाऱ्यास हे सारे कलियुगाचे सामान्य दुःख वाटेल, आणि अपराध नकळत धुऊन निघेल. ज्या लेखिकेने ‘कुगाई जोदो’ (१९६९) ह्या ग्रंथात त्याच कारखान्याचा हिशेब मांडला, तिच्याकडून हे घडावे, हे विचार करावयास लावणारे आहे. तुलनेसाठी १९७० च्या नोव्हेंबरातील ओसाका येथील प्रसंग पाहावा. रोगी व त्यांचे आप्त कंपनीचा एकेक शेअर घेऊन भागधारकांच्या सभेला गेले. अंगावर यात्रेकरूंची शुभ्र वस्त्रे, हातांत घंटा, मुखी तीर्थयात्रेची गाणी. तेथेही विधीच होता, परंतु त्याच्यासमोर संचालक बसलेले होते.

मिनामातातील प्रयोगात ही उणीव भूमीने भरून काढली, असे आम्ही म्हणतो. त्या प्रयोगाला ‘अर्पण’ असे नाव होते. आपल्याकडे जत्रेतील दशावतार देवळाच्या प्रांगणात देवाला रुजू होतो, तोच भाव. प्रेक्षकांच्या पायांखाली काय पुरले आहे हे त्यांना सांगावे लागत नव्हते. आरोपी पात्र संहितेत नसले तरी जागेत होते. १९९४ साली स्थापन झालेल्या ‘होंगान नो काई’ ह्या मंडळीचे कार्यही ह्याच जातीचे आहे. तिच्यातील रोगी आणि त्यांचे सोबती स्वतःच्या हातांनी लहान दगडी मूर्ती घडवून ह्याच भरावावर समुद्राकडे तोंड करून बसवितात. मूर्तिकलेच्या दृष्टीने त्या ओबडधोबड आहेत, हे कबूल करण्यास हरकत नाही. त्यांनी गाळातील पारा कमी होत नाही, आणि तो कमी होतो असा दावाही कोणी करीत नाही. मात्र हिरवळ पाहून येथे काही झालेच नव्हते असे म्हणण्याची सोय त्या राहू देत नाहीत.

म्हणून हे नाटक वर्गात वाचून दाखविणाऱ्या अध्यापकास आमची सूचना अशी की, त्याने आधी फळ्यावर त्या उपसागराचा नकाशा काढावा, कारखान्याचे सांडपाणी जेथून सुटे ती जागा खडूने दाखवावी, आणि मग पहिले पान उघडावे.