वेग आणि मूल्य

माहितीवरील प्रक्रियेचा वेग वाढला की व्यवसायाचे मूल्य वाढते, हे विधान आजकाल इतक्या निःशंकपणे केले जाते, की त्यातील कार्यकारणभाव तपासण्याची गरज कोणास वाटत नाही. व्यापारी कामासाठी नियमितपणे वापरला गेलेला पहिला संगणक म्हणजे लंडनच्या जे. लायन्स आणि कंपनीचा 'लिओ' (१९५१). एका नोकराचे वेतन काढावयास कारकुनास आठ मिनिटे लागत. लिओस दीड सेकंद पुरे. आकडा चित्तवेधक खरा, पण तो केवळ कारकुनी श्रमाच्या बचतीचा आहे.

याहून विचारार्ह उदाहरण १९५४ मधील चहागृहांच्या मागणीचे होय. प्रत्येक चहागृहाची नित्याची मागणी अगोदरच नोंदलेली असे. व्यवस्थापिकेने दूरध्वनीवरून कळवावयाचा तो फक्त फरक. व्याकरणाच्या अभ्यासकास येथे उत्सर्ग आणि अपवाद आठवावेत. काही न कळविणे म्हणजे 'नेहमीप्रमाणे': मौनही सार्थ ठरले, आणि यंत्रास द्यावयाची माहितीच कमी झाली. ही योजना माणसांची. वेगाचे श्रेय तीत गौण आहे.

वेग निरुपयोगी होता असे मात्र नव्हे. माल नाशवंत; किती भाजावयाचे व कोठे किती धाडावयाचे याचे उत्तर गाड्या निघण्यापूर्वीच हवे. परंतु ते वेळेवर मिळाल्यानंतर यंत्र आणखी दसपट वेगवान केले, तरी पाव अधिक ताजा होत नाही. शिवाय उद्या गिऱ्हाईक वाढेल की घटेल, हा अंदाज व्यवस्थापिकेचाच असे. तो चुकला तर लिओ ती चूक तितक्याच त्वरेने भट्टीपर्यंत पोहोचवी.