संशोधक विद्यार्थ्यांचे स्वास्थ्य : समुपदेशनापलीकडील प्रश्न

प्रस्तावना

उच्च शिक्षणातील मानसिक स्वास्थ्याची चर्चा बहुधा समुपदेशन कक्षापाशी सुरू होते आणि तेथेच संपते. पदव्युत्तर व पीएच.डी.च्या विद्यार्थ्याचे दुःख हा त्याच्या स्वभावाचा दोष मानावा की त्याच्या कामाच्या परिस्थितीचा परिणाम, हा मूलभूत प्रश्न त्यामुळे बाजूलाच राहतो. या प्रश्नाच्या संदर्भात वारंवार उद्धृत होणाऱ्या दोन अभ्यासांची चिकित्सा करणे आवश्यक ठरते.

विवेचन

पहिला अभ्यास २०१८ मध्ये ‘नेचर बायोटेक्नॉलॉजी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. २६ देशांतील २,२७९ विद्यार्थ्यांपैकी ४१ टक्क्यांमध्ये चिंतेची आणि ३९ टक्क्यांमध्ये नैराश्याची मध्यम ते तीव्र लक्षणे त्यात आढळली. सर्वसामान्य लोकसंख्येच्या सहापट हे प्रमाण असल्याचा त्याचा निष्कर्ष सर्वत्र गाजला. तथापि ही प्रश्नावली ईमेल व समाजमाध्यमांतून पसरविली गेली होती. ज्यांना त्रास आहे तेच उत्तर देण्यास अधिक उत्सुक असण्याची शक्यता येथे नाकारता येत नाही. ‘सहापट’ हा आकडा म्हणूनच जपून वापरला पाहिजे.

दुसरा अभ्यास बेल्जियममधील फ्लँडर्स प्रांताचा असून तो २०१७ मध्ये ‘रिसर्च पॉलिसी’मध्ये प्रकाशित झाला. पीएच.डी.च्या ३,६५९ विद्यार्थ्यांपैकी ३२ टक्के मानसिक विकाराच्या धोक्यात असल्याचे त्यात दिसले. येथे तुलना उच्चशिक्षित गटांशी केली असल्याने निष्कर्ष अधिक भक्कम आहे. एकाच प्रांतातील व एकाच वेळची पाहणी कार्यकारणभाव सिद्ध करीत नाही, ही मर्यादा मान्य करूनही त्यातील एक सूत्र मोलाचे ठरते. कामाचा ताण, कामावरील नियंत्रण, मार्गदर्शकाची नेतृत्वशैली, घर व काम यांतील ओढाताण आणि विद्यापीठाबाहेरील भवितव्याविषयीची धारणा यांच्याशी स्वास्थ्याचा संबंध आढळतो. याचा अर्थ असा की, करिअर मार्गदर्शन हा स्वास्थ्याच्या प्रश्नाला जोडलेला पूरक उपक्रम नसून त्या प्रश्नाचाच गाभा आहे.

भारतीय नियमांकडे पाहिले असता हे अधिक स्पष्ट होते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या विनियमांनुसार पीएच.डी.ची कमाल मुदत साधारणतः सहा वर्षांची आहे. कनिष्ठ व वरिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळून मात्र पाचच वर्षे मिळते. सहाव्या वर्षात जाणाऱ्याचे उत्पन्न नेमके प्रबंधलेखन आणि नोकरीचा शोध एकाच वेळी चालू असताना थांबते. ज्यांना शिष्यवृत्तीच नाही, ते तासिका तत्त्वावर शिकवीत संशोधन रेटतात. अशा विद्यार्थ्याला केवळ ‘सकारात्मक विचार करा’ असे सांगणे ही त्याची कुचेष्टाच होय.

सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत समुपदेशकाच्या नेमणुकीबरोबरच नियमित व्यवसाय मार्गदर्शनाचाही समावेश आहे. पण त्याचे रूपांतर वर्षातून एकदा होणाऱ्या व्याख्यानात झाले, तर हेतूच विफल होईल. प्रकाशन, भाषांतर, अभिलेखागार, शासकीय सेवा, सामाजिक संस्था अशा क्षेत्रांची ओळख नोंदणीच्या पहिल्याच वर्षापासून व्हावयास हवी. प्राध्यापकपद न मिळणे म्हणजे अपयश, ही समजूत त्याशिवाय ढळणार नाही.

समुदायनिर्मितीचा विचार महाराष्ट्राला नवा नाही. राजर्षी शाहू महाराजांच्या प्रेरणेने १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहे उभी राहिली. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सुरू केलेल्या वसतिगृहात निवास, श्रम आणि शिक्षण एकत्र नांदले. मात्र कोल्हापुरातील वसतिगृहे बहुतांशी जातनिहाय होती, तर साताऱ्यात सर्व जातींची मुले एकत्र राहत. समुदाय आधार देतो, तसाच तो वगळतोही. आजच्या संशोधक मंडळांनी हा धडा विसरता कामा नये. मार्गदर्शकाच्या मर्जीबाहेर विद्यार्थ्याला बोलता येईल, अर्धवट प्रकरण वाचून दाखविता येईल आणि अडचण सांगितल्याने नुकसान होणार नाही, एवढी हमी नसेल तर स्नेहमेळावे निरर्थक आहेत.

समारोप

समुपदेशन आवश्यक आहे, पण पुरेसे नाही. मुदत व शिष्यवृत्ती यांतील तफावत दूर करणे, मार्गदर्शकांचे प्रशिक्षण, वास्तव व्यवसाय मार्गदर्शन आणि सर्वसमावेशक संशोधक मंडळे यांची जोड मिळाली तरच त्याला अर्थ प्राप्त होईल. विद्यार्थ्याला खंबीर होण्याचा उपदेश करण्यापूर्वी व्यवस्थेने स्वतःची जबाबदारी ओळखणे अगत्याचे आहे.