हरवलेली तिथी

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात औरंगपुऱ्यातून नाकासमोर चालत जाणे कुणालाच साधत नाही. एका बाजूला पणत्या, दुसरीकडे आकाशकंदील, आणि पुस्तकांच्या दुकानांसमोर दिवाळी अंकांच्या चळती. यंदा अशाच एका दुकानात मी अंक चाळत उभा असताना एका गृहस्थांनी मागणी केली, "एखादे चांगले प्रवासवर्णन द्या. पण ज्याने पुष्कळ देश पाहिलेत अशाचे द्या हं!" दुकानदाराने एक जाडजूड पुस्तक काढून दिले आणि ते समाधानाने निघून गेले. मी मात्र तिथेच अडलो. पुष्कळ देश पाहिले म्हणजे पुस्तक चांगले होते काय?

या प्रश्नाचा निवाडा करायला फार दूर जायला नको. आमच्या शहरापासून पंधरा-सोळा किलोमीटरवर देवगिरीचा किल्ला आहे, आणि पुष्कळ देश पाहिलेला मध्ययुगातला सर्वांत नावाजलेला माणूस तिथे येऊन गेला होता. इब्न बतूता त्याचे नाव. मोरोक्कोतल्या तांजिरचा हा तरुण 1325 साली घराबाहेर पडला तो जवळजवळ तीस वर्षे फिरत राहिला. दिल्लीत तो काझी झाला. 1342 मध्ये महंमद तुघलकाने त्याला चीनकडे वकील म्हणून धाडले, तेव्हा वाटेत त्याने दौलताबाद पाहिले. शहराच्या एका भागाला तो 'कटक' म्हणतो. आपला जुना शब्द परक्याच्या तोंडी भेटला की कसे बरे वाटते! वर्षातून दोनदा येणारी द्राक्षे आणि डाळिंबे, गाणाऱ्यांचा खास बाजार, आणि किल्ल्याच्या कोठड्यांतले मांजरांहून मोठे उंदीर, सगळे त्याच्या पुस्तकात आहे. नंदुरबारच्या मराठ्यांचा भात, भाजी आणि तिळाचे तेलसुद्धा त्याने नोंदवले आहे. वाचताना माणूस रंगून जातो.

तरीही माझी एक तक्रार आहे. हा माणूस जिथे जातो तिथे पाहुणा असतो. कुणाकडून किती मोहरा मिळाल्या, कुणी कोणता पोशाख दिला, याचा हिशेब तो चोख देतो. ज्या राजाने उदार हस्ते दिले तो राजा थोर, ज्याने हात आखडला तो कंजूष! शिवाय हे पुस्तक त्याने स्वतः लिहिलेले नाही. 1355 मध्ये फेझ शहरात त्याने सांगितले आणि इब्न जुझय्य नावाच्या विद्वानाने ते सजवून लिहिले. सजवताना इब्न जुबैर या आधीच्या प्रवाशाच्या ग्रंथातले मजकूरही त्यात आले. अशा पुस्तकात जग पुष्कळ दिसते, पण ते मेजवानीच्या पाटावर बसून पाहिलेले जग आहे.

त्याच्यानंतर सव्वाशे वर्षांनी कोकणात चौलच्या बंदरात दुसरा एक माणूस उतरला. अफनासी निकितीन हा रशियातल्या त्वेर गावचा व्यापारी. व्होल्गा नदीने माल घेऊन निघालेल्या याला आस्त्राखानजवळ लुटारूंनी नागवले. त्याच्या सोबत्यांपैकी ज्यांचे मायदेशी काही होते ते परत गेले. ज्यांच्या डोक्यावर देणे होते त्यांनी वाट फुटेल तिकडे जायचे. निकितीनने परतीची वाट धरली नाही. होर्मुझहून मस्कतमार्गे, सोबत विकण्यासाठी एक घोडा घेऊन, तो आपल्याकडे आला.

घोडाच का, हे समजले की सगळा व्यापार समजतो. दख्खनच्या हवेत चांगली घोड्यांची पैदास होत नसे आणि बहामनी फौजेला घोडे तर हवेच. म्हणून समुद्रापलीकडचा घोडा इथे सोन्याच्या भावाने जाई. निकितीनने एका घोड्यावर शंभर रूबल घातले होते. जुन्नरला पोचल्यावर तिथल्या खानाने तोच घोडा काढून घेतला. धर्म बदललास तर घोडा परत आणि वर हजार मोहरा, नाही तर हजार मोहरांचा दंड. मुदत चार दिवस! खुरासानच्या एका मुसलमान गृहस्थाने मध्ये पडून त्याला सोडवले. निकितीन हे सारे दहा ओळींत सांगतो. कुणाला खलनायक करत नाही आणि स्वतःला वीरही करत नाही.

याच्या वहीत देवगिरीसारखा डौल नाही. चार महिने पाऊस आणि सगळीकडे चिखल. त्याच दिवसांत नांगरट आणि पेरणी. घोड्यांना घातली जाणारी साखर-तेलातली खिचडी. अशा घरगुती गोष्टी आहेत. बिदरला सरदार चांदीच्या पालख्यांतून मिरवतात आणि खेड्यातली माणसे उघडीवाघडी असतात, हेही त्याने पाहिले. ज्याची स्वतःची थैली रिकामी आहे त्यालाच हे दिसते. आणि व्यापाराचा निष्कर्ष तो साफ सांगतो: आपल्या मुलखात खपेल असा माल इथे नाही, मिरी नि रंग स्वस्त आहेत, पण जकात भारी आणि समुद्रात चाचे.

पण हे पुस्तक माझ्या मनात रुतून बसले ते वेगळ्याच कारणाने. लुटीत त्याच्या धर्मपोथ्याही गेल्या होत्या. त्यामुळे उपासाचे दिवस केव्हा आणि ईस्टर केव्हा, हेच त्याला कळेना. आकाशातले तारे पाहून, इतरांच्या सणांवरून अंदाज बांधून तो आपला सण ठरवतो आणि पुनःपुन्हा हळहळतो. वहीच्या शेवटी त्याची प्रार्थनाही रशियन, तुर्की, फारसी, अरबी अशा भाषांतून सरमिसळ होते. तो परत निघाला, पण त्वेरला पोचला नाही; स्मोलेन्स्कच्या अलीकडेच वारला. 1957 साली त्याच्यावर 'परदेसी' नावाचा चित्रपट निघाला आणि त्यात त्याला एक प्रेमकथा बहाल करण्यात आली. वहीत तसली नायिका नाही. तिथे आहे तो फक्त तिथी हरवलेला माणूस, आणि मला त्याची करुणा कुठल्याही प्रेमभंगाहून खोल वाटते.

आपल्या मराठीत याचा सख्खा भाऊ शोधायचा तर तो विष्णुभट गोडसे. योगायोग असा की चौलच्याच जिल्ह्यातल्या वरसईचा हा भिक्षुक. 1857 साली लंडनमध्ये निकितीनच्या वहीचे इंग्रजी भाषांतर छापले गेले, आणि त्याच वर्षी गोडसे भटजी कर्जापायी दक्षिणा मिळवायला उत्तरेकडे निघाले. तेही लुटले गेले. पण त्यांनी गंगेची कावड घरी आणून आईवडिलांना स्नान घातले. 'माझा प्रवास' वाचताना डोळे भरतात ते झाशीच्या लढाईने आणि या कावडीनेही.

तेव्हा माझा निवाडा असा: इब्न बतूताने जग अधिक पाहिले, निकितीनने त्याची किंमत अधिक मोजली, आणि पुस्तक दुसऱ्याचे मोठे. मात्र या निवाड्यालाही एक उणीव आहे. ज्या शहरात बसून मी हे लिहितो ते खडकी म्हणून 1610 साली वसवणारा मलिक अंबर हाही दूरच्या व्यापारानेच इथे आला होता. व्यापारी म्हणून नव्हे, माल म्हणून. इथिओपियातून गुलाम करून विकलेले ते पोर बगदादमार्गे दख्खनेत पोचले. त्याने प्रवासाची वही ठेवली नाही. त्याने बांधलेले पाण्याचे नहर तेवढे मागे राहिले.

माझा भाचा मस्कतला नोकरीला आहे. दर दिवाळीला त्याचा फोन येतो, "मामा, अभ्यंगस्नान उद्या की परवा?" कालनिर्णय त्याच्या भिंतीवरही आहे, हे मला ठाऊक आहे. पूर्वी मी त्याला हसत असे. निकितीन वाचल्यापासून हसत नाही. तिथी सांगतो, आणि उटणे पोचले का, तेही विचारतो.