मुलांच्या हस्तकौशल्याचीं पुस्तकें

ग्रंथपरीक्षणाच्या सदरांतून ज्या वाङ्मयप्रकाराची दखल बहुधा कोणी घेत नाहीं, त्यांत मुलांच्या हस्तकौशल्याच्या पुस्तकांना अग्रमान द्यावा लागेल. दिवाळीच्या व उन्हाळ्याच्या सुटीच्या सुमारास दुकानांतून यांचा ढीग पडतो. आईबाप तीं विकत घेतात. मुलें दोनचार पानें कातरतात. आणि पुढील सुटी येण्यापूर्वीं पुस्तक रद्दींत जातें. कवितेच्या एका ओळीवरून वर्ष वर्ष वाद घालणारे आमचे टीकाकार या पुस्तकांकडे ढुंकूनहि पाहत नाहींत. वास्तविक गद्याची इतकी कठोर परीक्षा दुसऱ्या कोणत्याहि प्रकारांत होत नाहीं. कादंबरीकाराचें वाक्य सैल पडलें तर वाचक तें पोटांत घालून पुढें जातो. परंतु ‘कागदाचें वरचें टोंक खालीं आणा’ असें लिहितांना वरचें म्हणजे कोणतें व खालीं म्हणजे कोठवर हें लेखकानें सांगितलें नसेल, तर आठ वर्षांच्या वाचकाच्या हातीं होडीऐवजीं चोळामोळा येतो, आणि तो बिचारा दोष लेखकाला न देतां आपल्या हाताला देतो. ही गोष्ट आम्हांला क्षुल्लक वाटत नाहीं. ‘आपल्याला हातानें कांहीं येत नाहीं’ अशी समजूत पक्की करून महाविद्यालयांत येणारे तरुण आम्ही दरसाल पाहतों. त्यांना ती समजूत कोणी करून दिली, याचा शोध कधींतरी घ्यावयास हवा.

प्रचलित पुस्तकांतील क्रम ठरून गेलेला आहे. आरंभीं तयार वस्तूचें गुळगुळीत रंगीत छायाचित्र, त्याखालीं साहित्याची यादी, मग सहा किंवा आठ पायऱ्या, आणि शेवटीं ‘झाली तुमची फुलदाणी तयार!’ असा आनंदोद्गार. आइस्क्रीमच्या काड्यांचा डबा, कागदी पेल्याचा ससा, जुन्या बाटलीचा हत्ती, असा हा संसार असतो. या वस्तु क्षुद्र आहेत असा आमचा आक्षेप मुळींच नाहीं. मुलांच्या वस्तु क्षुद्रच असाव्यात. आक्षेप असा कीं, त्या बनवितांना मुलाला कोणत्याहि ठिकाणीं स्वतः निर्णय करावा लागत नाहीं. ससा कसा दिसावा हें छायाचित्रानें आधींच ठरविलेलें असतें. तुटक रेषेवरून कातर चालविणें एवढाच मुलाचा अधिकार. शिवाय छायाचित्रांतला ससा मोठ्या माणसानें केलेला असतो, तेव्हां त्याच्याशीं आपला ससा ताडून पाहणाऱ्या मुलाच्या पदरीं पराभव हा यावयाचाच. मग आई पुढें सरसावते, कान नीट कापून देते, आणि दुसऱ्या दिवशीं शाळेच्या प्रदर्शनांत आईचा ससा मुलाच्या नांवानें बसतो. शहरांतून शाळेच्या प्रकल्पांसाठीं तयार देखावे विकत मिळतात, हें त्याच रस्त्यावरचें पुढचें ठिकाण होय. ‘टाकाऊंतून टिकाऊ’ या घोषणेची तर अशी कांहीं दशा झाली आहे कीं, स्पर्धेसाठीं टाकाऊ वस्तु म्हणून कोरे करकरीत कागदी पेले दुकानांतून आणले जातात!

या पुस्तकांच्या भाषेविषयीं आम्हांला अधिक दुःख होतें. ‘पेपर हाफमध्यें फोल्ड करा’ हें वाक्य आम्ही मराठी म्हणून छापलेलें वाचलें आहे. ज्या भाषेच्या घरांत नऊवारी लुगडें नेसलें गेलें, त्या भाषेला कापड व कागद यांच्या वळणांसाठीं शब्द उसने आणावे लागावेत, हें आश्चर्य नव्हे काय? संबंध वस्तु दुहेरी होऊन सपाट बसली म्हणजे ती घडी. कडा तेवढी आंत वळविली म्हणजे मुडपणें. एक बाजू दुसरीवर आणली म्हणजे दुमडणें. बारीक एकच वळी ती चूण. आणि तीच लांब व एकीपुढें एक घेतली म्हणजे निऱ्या. हे भेद आमच्या आजीला पुस्तकाशिवाय ठाऊक होते, आणि कागदाचें काम सांगणाऱ्याला नेमके हेच भेद लागतात. ‘कडा बोटभर मुडपा’ या तीन शब्दांत जें येतें, तें ‘फोल्ड’च्या एका परिच्छेदांत येत नाहीं. आकाशकंदिलाचा पतंगी कागद, कामट्या, सुतळी, खळ, डिंक, पुठ्ठा हे शब्द अद्याप जिवंत आहेत. लेखकांनीं आपल्या घरांत व बाजारांत कान उघडे ठेवले तरी पुरे.

आतां चांगल्या पुस्तकांकडे वळूं. हाताच्या खेळांतून शिक्षण देण्याची व्यवस्थित पद्धति युरोपांत घातली ती फ्रीड्रिख फ्रोबेल यानें. १८३७ मध्यें जर्मनींतील ब्लांकेनबुर्ग येथें त्यानें आपली संस्था काढली व १८४० मध्यें तिला ‘किंडरगार्टन’ हें नांव दिलें. लोकरीचे रंगीत चेंडू, लांकडी गोल, घन व चिती, आठ लहान घनांचा मिळून झालेला एक घन, अशा त्याच्या ‘देणग्या’ प्रसिद्ध आहेत. त्यांच्या जोडीला त्यानें जे ‘उद्योग’ सांगितले त्यांत कागदाच्या घड्या घालणें हा एक, व भिजविलेले वाटाणे आणि बारीक काड्या यांचे सांगाडे करणें हा दुसरा. प्रशियाच्या सरकारनें १८५१ मध्यें या शाळांवर बंदी घातली, यावरून वाटाणे आणि काड्या हें प्रकरण वाटतें तितकें निरुपद्रवी नसावें! कागद आणि काडी या दोन उद्योगांतून पुढें आमच्याच देशांत दोन उत्तम पुस्तकें निर्माण झालीं, आणि आमच्या प्रस्तुत लेखाचा खरा विषय तींच आहेत.

पहिलें पुस्तक टी. सुंदर राव यांचें. राव हे मद्रास इलाख्यांतील महसूल खात्यांतले गृहस्थ. कागदाच्या घड्यांनीं भूमिति शिकविणारें त्यांचें इंग्रजी पुस्तक १८९३ मध्यें मद्रासेंत प्रसिद्ध झालें, आणि त्याची कल्पना आपणांस किंडरगार्टनच्या घडीकामावरून सुचली असें त्यांनीं प्रस्तावनेंत मोकळेपणीं सांगितलें आहे. जर्मन गणिती फेलिक्स क्लाइन यानें या पुस्तकाचा उल्लेख केला. तो वाचून बेमन व स्मिथ या अमेरिकन प्राध्यापकांनीं त्याची शिकागो येथून १९०१ मध्यें नवी आवृत्ति काढली. मद्रासेच्या ग्रंथाची कीर्ति जर्मनीच्या वळशानें अमेरिकेस पोंचावी आणि आमच्या शाळांना त्याचा पत्ता नसावा, हा योग आमच्या इकडे नवा नाहीं.

या पुस्तकाचा थाट पाहा. कंपास नाहीं, कोनमापक नाहीं. एक चाकू व कागदाचे तुकडे एवढ्यावर सारा कारभार. आरंभ होतो तो वाकड्यातिकड्या कागदाचा चौरस करण्यापासून, म्हणजे ‘एक चौकोनी कागद घ्या’ या वाक्याच्याहि अलीकडून. चौरसाच्या चारहि बाजूंचे मध्य घडीनें जोडले कीं आंत दुसरा चौरस उभा राहतो. तो पहिल्याच्या निम्मा. त्याच्या आंत तिसरा, तो दुसऱ्याच्या निम्मा. हा क्रम संपत नाहीं, पण सर्व टाकलेले तुकडे मिळून मूळ कागद कधीं ओलांडीत नाहींत. अर्धा, पाव, अर्धपाव अशी न संपणारी बेरीज एकाला जाऊन भिडते, हें मुलाच्या हातांतच दिसतें. समभुज त्रिकोणाची कृति तर इतकी सुंदर आहे कीं ती येथें सांगितल्यावांचून आमच्यानें राहवत नाहीं. चौरसाची उभी मधली घडी घालून उलगडावी. मग खालचा उजवा कोपरा उचलून त्या मधल्या घडीवर असा टेकवावा कीं नवी घडी खालच्या डाव्या कोपऱ्यांतून जाईल. कोपरा जेथें टेकला तो बिंदु व तळाचे दोन कोपरे मिळून समभुज त्रिकोण होतो. कां? कारण डाव्या कोपऱ्यापासूनचें अंतर म्हणजे चौरसाची तळबाजूच होय, ती फक्त फिरली आहे. आणि मधली घडी दोन्ही कोपऱ्यांपासून सारख्या अंतरावर असल्यामुळें उजवीकडचें अंतरहि तेवढेंच. येथें सिद्धता निराळी द्यावी लागत नाहीं. घडी हीच सिद्धता होय.

रावांच्या पुस्तकावर एक आक्षेप मात्र घेतला पाहिजे. पंचकोन, षट्‌कोन, अष्टकोन असें करतां करतां लेखक शांकव छेदांपर्यंत जातो, आणि वाटेंत केव्हां बालवाचकाचा हात सुटला हें त्याच्या ध्यानांत राहत नाहीं. पूर्वार्ध मुलाचा, उत्तरार्ध प्राध्यापकाचा, अशी त्याची वांटणी झाली आहे.

दुसरें पुस्तक श्री. अरविंद गुप्ता यांचें, काडेपेटीच्या काड्यांच्या प्रतिकृतींचें. कानपूरच्या तंत्रविद्यासंस्थेंतून अभियंता होऊन पुण्यांत मोटारींच्या कारखान्यांत नोकरी करणारा हा तरुण १९७८ मध्यें होशंगाबादच्या विज्ञानशिक्षणाच्या उपक्रमांत गेला. मध्यप्रदेशांत १९७२ पासून सोळा शाळांत सुरू झालेला तो उपक्रम खेड्यांतल्या मुलांना प्रयोग करून विज्ञान शिकवीत होता. २००२ मध्यें तेथील सरकारनें तो बंद केला. पुढें पुण्याच्या आयुकांतील मुक्तांगण विज्ञान शोधिकेंत गुप्तांनीं अनेक वर्षें काम केलें, आणि २०१८ मध्यें त्यांना पद्मश्री मिळाली. पण या मानसन्मानांपेक्षां आम्हांला त्या सायकलच्या व्हॉल्व्हच्या रबरी नळीचें महत्त्व अधिक वाटतें. नळीचा बारीक तुकडा कापावा, काड्यांचीं ज्वालाग्राही टोंकें खरवडून टाकावीं, आणि नळीच्या दोन्ही टोंकांतून एकेक काडी खुपसावी. हा झाला सांधा. नळीला मधोमध सुईनें भोंक पाडलें तर तिसरी काडीहि बसते. फ्रोबेलचा वाटाणा वाळला कीं तडकतो. हें रबर वांकतें आणि टिकतें. साहित्य बदललें तेव्हां शिकवणहि बदलली, कारण सांधा लवचिक असल्यामुळेंच पुढचा चमत्कार दिसतो. चार काड्यांचा चौरस करून कोपरा दाबा, तो लगेच कलंडून तिरका होतो. तीन काड्यांचा त्रिकोण करून दाबा, तो हूं कीं चूं करीत नाहीं. चौरसाला एक कर्ण घाला, तोहि ताठ होतो. एवढें हातीं आलेला मुलगा रेल्वेच्या पुलाखालून जातांना मान वर करून पाहील, विजेच्या मनोऱ्यांतल्या तिरक्या पट्ट्या मोजील. पुस्तकानें त्याला सांगावें लागत नाहीं.

रावांचा कागद व गुप्तांची काडी यांत साम्य आहे तें हेंच कीं, येथें वस्तु स्वतःच बरोबर-चूक सांगते. मुलाला छायाचित्राशीं ताडून पाहावें लागत नाहीं. चुकला तर त्रिकोण मिटत नाहीं, एवढेंच. परीक्षक आई नाहीं, मास्तर नाहीं, काडी आहे. असा परीक्षक मुलाला अपमानकारक वाटत नाहीं. गुप्तांच्या पुस्तकांतहि उणें काढतां येईल. त्यांत चित्रें जास्त व शब्द थोडे. एखादें चित्र बारीक पडलें कीं वाचक अडतो. शिवाय त्रिकोण ताठ राहतो हें कळल्यावर काड्यांनीं केवळ डोळ्यांना बरें दिसणारें कांहीं करावें अशी इच्छा झालेल्या मुलीला हें प्रकरण फारशी वाट दाखवीत नाहीं. विज्ञानाच्या उत्साहांत सौंदर्याला थोडें दाराबाहेर थांबावें लागलें आहे. १९३७ च्या वर्ध्याच्या परिषदेनंतर हस्तोद्योगाला शिक्षणाच्या केंद्रीं बसविण्याचा जो यत्न झाला, त्यांतहि सुताच्या हिशेबापुढें खेळाला असेंच थांबावें लागलें. परंतु तो वाद मोठा आहे, येथें त्यांत शिरण्याचें प्रयोजन नाहीं. ताराबाई मोडक यांनीं १९४५ मध्यें बोर्डीस बालशिक्षणाचें काम सुरू केलें, तेव्हां महाग माँटेसरी साहित्याच्या जागीं शंखशिंपले, बिया, पानें, खडे आणले. त्यांत मोजणें होतें तसें मांडणेंहि होतें, रांगोळीसारखें. गुप्तांच्या काड्यांना ताराबाईंच्या शिंपल्यांचा शेजार मिळाला असता तर बरें झालें असतें.

आणि ज्याचें पुस्तकच नाहीं, त्या हस्तकौशल्याबद्दल दोन शब्द. महाराष्ट्रांतील मुलांचा दिवाळींतला किल्ला हें त्यांच्या हातचें सर्वांत मोठें काम होय. दगडविटांचा ढीग, त्यावर गोणपाट, गोणपाटावर चिखल, चिखलांत पेरलेले हळीव, आणि माथ्यावर सिंहासनस्थ महाराज. दरवाजापेक्षां त्याचा पहारेकरी मावळा उंच असतो, तळ्यांत बदक होडीपेक्षां मोठें असतें, आणि त्यावरून कोणाचेंहि कांहीं बिघडत नाहीं. ही विद्या थोरल्या पोरानें धाकट्याला द्यावयाची. वडील माणसांनीं फार तर विटा आणून द्यावयाच्या. गेल्या कांहीं वर्षांपासून प्लास्टरचे रंगविलेले तयार किल्ले बाजारांत मिळूं लागले आहेत. अंगण नसलेल्या घरांची अडचण आम्ही जाणतों, तथापि गॅलरींतल्या एका परातींत ओला चिखल मावतो. या किल्ल्याचेंहि ‘दहा पायऱ्यांत’ असें रंगीत पुस्तक कोणी काढील अशी आम्हांला धास्ती आहे. एखाद्या लेखकाला लिहावयाचेंच असेल तर त्यानें एकच पान लिहावें: गोणपाट आधीं पातळ चिखलांत बुडवून मग पसरावें म्हणजे वरचा थर घसरत नाहीं, आणि हळिवाला पाणी ओतूं नये, शिंपडावें. दरवाजा कोणत्या बाजूला काढावा, हें त्या पानावर असूं नये.