चोवीस तासांची शर्यत आणि तीन बोलपट

मोटारींच्या शर्यतीवरील बोलपटांची समीक्षा दिवाळी अंकात कशाला, असे एखादा वाचक विचारील, आणि त्याचे विचारणे अगदीच गैर नाही. क्रिकेटसाठी आपण रात्र जागवतो, कुस्तीवरून वाद घालतो, बैलगाड्यांच्या शर्यतीचे शौकीन तर गावोगाव आहेत. पण मोटारींची शर्यत म्हणजे श्रीमंतांचा परदेशी चाळा, अशी आपली समजूत. तरीही या विषयाशी माझ्या गावाचे एक नाते आहे. मी दौलताबादचा. आमच्याकडून निघून शहर ओलांडले आणि जालना रस्त्याला लागले की शेंद्र्याची औद्योगिक वसाहत येते. तिथे २००१ साली स्कोडा कंपनीचा कारखाना सुरू झाला आणि पुढे त्याच कारखान्यात ऑडी या जर्मन कंपनीच्या मोटारींची जुळणी होऊ लागली. त्यामुळे हे नाव आमच्या आळीत पाळी, डबा आणि पगार यांच्या बोलण्यात येते. त्याच नावाच्या गाड्यांनी फ्रान्समधली ल मांची शर्यत कशी गाजवली, हे पाहण्याचे कुतूहल मला त्यातूनच उत्पन्न झाले.

ज्यांना ही शर्यत ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. ल मां येथे १९२३ सालापासून ही शर्यत भरत आली आहे. तिच्यात अंतर ठरलेले नसते, वेळ ठरलेली असते: चोवीस तास. एक फेरी सुमारे साडेतेरा किलोमीटरांची. तिचा काही भाग एरवीचा रहदारीचा रस्ताच. चालक आळीपाळीने गाडी हाकतात, आणि जी गाडी जास्तीत जास्त अंतर कापील ती जिंकते. साहजिकच इथे इंजिनाकडे दोन परस्परविरोधी मागण्या असतात. त्याने जोरही दाखवावा आणि टिकूनही राहावे. जोर वाढवावा तर आतले दट्टे आणि दांडे तापतात, झिजतात. जपून चालवावे तर शेजारचा पुढे निघून जातो. दौलताबादकराला हे फार समजावून सांगावे लागत नाही. गड केवढा बळकट! पण रामदेवरायाला शरण जावे लागले ते, सांगतात त्याप्रमाणे, धान्य म्हणून गडावर चढवलेल्या गोण्यांत मीठ निघाले म्हणून.

या शर्यतीवरचे तीन बोलपट मी घरातल्या मुलांसह पाहिले. पहिला सर्वांच्या माहितीचा, जेम्स मँगोल्ड यांचा २०१९ सालचा ‘फोर्ड व्हर्सेस फेरारी’. १९६३ साली फोर्डने फेरारी कंपनी विकत घेण्याचा घाट घातला, ऐनवेळी एन्झो फेरारीने नकार दिला, आणि दुखावलेल्या फोर्डने त्याला ल मांला हरवण्याचा चंग बांधला, ही त्याची कथा. बोलपट देखणा आहे. ख्रिश्चन बेलचा केन माइल्स तर विसरू म्हणता विसरता येत नाही. संकलनासाठी आणि ध्वनिसंकलनासाठी त्याला ऑस्कर मिळाले, ते सर्वस्वी योग्यच. इंजिनाचा आवाज हे या बोलपटातले एक पात्रच आहे.

पण इतके असूनही इंजिनाची गोष्ट त्यात हरवली आहे. डेटोनाच्या शर्यतीचा प्रसंग पाहा. मालकांच्या माणसांनी इंजिनाला फेऱ्यांची मर्यादा घालून दिलेली असते. शेल्बी फलक दाखवून ती मर्यादा मोडायला सांगतो, माइल्स मोडतो, आणि जिंकतो. प्रेक्षागृहात टाळ्या पडाव्यात असाच तो प्रसंग रचलेला आहे. त्याचा अर्थ मात्र असा होतो की, इंजिन माणसाच्या छातीला भिते. तुम्ही शूर असाल तर ते मोडत नाही. खऱ्या इंजिनाला शौर्य कळत नाही. फोर्डच्या अभियंत्यांना हे पक्के ठाऊक होते. ल मांच्या एका फेरीत इंजिनाला जे चढउतार सोसावे लागतात ते टेपवर नोंदवून, प्रयोगशाळेत तशाच क्रमाने ते इंजिन तासन्‌तास चालवून पाहत. सात लिटरांचे, आठ सिलिंडरांचे ते धूड बारा सिलिंडरांच्या चार लिटरी फेरारीपुढे उभे राहिले ते या तालमीच्या बळावर. १९६६ साली पहिले तिन्ही क्रमांक फोर्डला मिळाले आणि फेरारीची एकही नवी पी-थ्री शेवटपर्यंत धावली नाही.

कथेच्या सोयीसाठी बोलपटाने आणखीही काही गोष्टी बदलल्या आहेत. १९६५ साली माइल्सला ल मांला नेलेच नाही असे दाखवले आहे. वस्तुतः तो त्या वर्षी तिथे ब्रूस मॅक्लारेनबरोबर उतरला होता. १९६६ च्या शर्यतीला एन्झो फेरारी स्वतः हजर असल्याचे दाखवले आहे. तो गेलाच नव्हता. नाटककाराला एवढी मुभा आपण देतोच. माझी तक्रार निराळी आहे. कारखान्यांच्या झुंजीचे रूपांतर बोलपटाने शूर चालक आणि आडमुठे साहेब यांच्या झुंजीत करून टाकले. आमच्या शेजारचा एक तरुण शेंद्र्याला जुळणीच्या कामावर असतो. बोलपट संपल्यावर तो म्हणाला, “काका, ह्यात इंजिन बनवणारा कुठं दिसला हो?” समीक्षकाने चार पाने लिहून सांगावे ते त्याने एका वाक्यात सांगितले.

उरलेले दोन अनुबोधपट आहेत: ‘ट्रूथ इन ट्वेंटीफोर’ आणि त्याचा दुसरा भाग. पहिला २००८ च्या शर्यतीवर, दुसरा २०११ च्या. त्या काळची झुंज ऑडी आणि फ्रान्सची पजो यांच्यातली, आणि तीही डिझेलवर. शर्यतीच्या नियमांनी टर्बो डिझेलला टर्बो पेट्रोलपेक्षा मोठे इंजिन वापरण्याची मुभा दिली होती. शिवाय युरोपात विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींपैकी जवळजवळ निम्म्या डिझेलच्या होत्या, म्हणजे बाजारही समोर होता. २००६ साली ऑडीची आर-टेन ही ल मां जिंकणारी पहिली डिझेल गाडी ठरली. पुढच्याच वर्षी तेवढ्याच, साडेपाच लिटरांच्या, बारा सिलिंडरी डिझेल इंजिनासह पजो मैदानात आली, आणि तिचा वेग अधिक होता.

२००८ साली चाचणीच्या फेरीत पजो ऑडीपेक्षा पाच सेकंदांनी पुढे होती. पाच सेकंद म्हणजे त्या जगात युगच. तरी रात्री पाऊस आला, क्रिस्टेन्सेनने ओल्या रस्त्यावर अंतर भरून काढले, आणि चोवीस तासांअंती ऑडी सुमारे साडेचार मिनिटांनी जिंकली. दुसऱ्या भागात तर दोन ऑडी अपघातात गेल्यावर उरलेली एकटी गाडी चौदा सेकंदांहूनही कमी फरकाने जिंकते. त्या गाडीची अभियंता होती लीना गाडे, भारतीय आईबापांची इंग्लंडात जन्मलेली लेक. ल मां जिंकणाऱ्या गाडीची ती पहिली स्त्री अभियंता. कानाला यंत्र लावून रात्रभर आकडे वाचणारी, चाके केव्हा बदलायची आणि इंधन केव्हा भरायचे ते ठरवणारी ही बाई पाहताना आमच्या घरातल्या मुली चहा प्यायला उठल्या नाहीत. शेजारच्या त्या तरुणाला हवी असलेली माणसे इथे आहेत: अभियंते, यंत्रकामगार, तेलाने माखलेले हात. झुंजीचे मर्म हॉलिवुडच्या थोर बोलपटापेक्षा या दोन साध्या चित्रांनी अधिक नेमके पकडले आहे, असे मला वाटते.

आता दुसरी बाजू. ही चित्रे ऑडीच्याच साहाय्याने निघाली. आमच्या गडावर मेंढा तोप आहे. तिच्यावर औरंगजेबाचे नाव आणि बिरुदे कोरलेली आहेत, आणि तिचे दुसरे नाव किल्लेशिकन, म्हणजे किल्ले फोडणारी. लेख धन्याने कोरवून घेतलेला असला की त्यात धन्याची हार सापडत नाही. २००८ आणि २०११ ही दोन्ही ऑडीच्या विजयाची वर्षे. मधले २००९ गाळले आहे; त्या साली पजोने पहिले दोन्ही क्रमांक पटकावले होते. २०१० ही नाही, आणि त्याचे मला अधिक वाईट वाटते. त्या वर्षी वेगवान पजो एकामागून एक बंद पडल्या, बहुतेकींची इंजिनेच मोडली, आणि ऑडीने पहिले तिन्ही क्रमांक घेऊन अंतराचा नवा विक्रम केला. खरी इंजिनांची गोष्ट तीच होती.

यापुढचा इतिहास तर या चित्रांच्या आवाक्याबाहेरचा. सप्टेंबर २०१५ मध्ये उघड झाले की, ऑडी ज्यात मोडते त्या फोक्सवॅगन समूहाने रस्त्यावरच्या डिझेल मोटारींत अशी युक्ती बसवली होती की, परीक्षा चालू आहे हे ओळखून गाडी तेवढ्यापुरता धूर स्वच्छ करी. शर्यतीच्या गाड्यांवर तो ठपका नव्हता. पण पजो २०१२ साली निघून गेली होती, ऑडीनेही २०१६ च्या हंगामानंतर ल मां सोडले, आणि २०२० पासून ऑडीने हिंदुस्थानात डिझेल मोटारी विकणे बंद केले. हे ठाऊक असताना ती चित्रे पाहिली म्हणजे मन चरकते. एकच समूह, एकच इंधन. रात्रीच्या पावसात चोवीस तास जी परीक्षा कोणालाही फसवता येत नाही तिच्यात अव्वल, आणि बंद खोलीतल्या परीक्षेत कॉपी करताना पकडलेला!

म्हणून दिवाळीच्या सुटीत हे तिन्ही बोलपट घरातल्या सर्वांनी अवश्य पाहावेत, पण पाहण्याचा क्रम उलटा ठेवावा. आधी अनुबोधपट, म्हणजे इंजिन कोण घडवते आणि कोण जपते ते कळेल. मग ‘फोर्ड व्हर्सेस फेरारी’, म्हणजे त्या इंजिनाचा आवाज मन भरून ऐकता येईल. आणि पजोच्या २००९ च्या विजयाची हकिकत मुलांना तोंडी सांगावी, कारण या तीन बोलपटांत ती त्यांना मिळणार नाही.