'अधांतर' आणि पाटणचा बाप

जयंत पवारांचे 'अधांतर' हे नाटक १९९७ मध्ये रंगभूमीवर आले. २०१० मध्ये त्यावरूनच महेश मांजरेकरांचा 'लालबाग परळ' निघाला. १९८२ च्या गिरणी संपाने एका घराची केलेली वाताहत पवार निर्भीडपणे दाखवितात. तरीही पाटणहून पाहता आम्हांस त्यात एक कोपरा रिकामा दिसतो. धुरी कुटुंब भांडते, पण एकाच खोलीत. माथाडी नेते अण्णासाहेब पाटील ज्या पाटण तालुक्यातले, तेथील कित्येक कामगारांचे घर मात्र आधीच दुभंगलेले होते: बाप मुंबईच्या गाळ्यात, मुले गावी. (गोवेकरांचे 'कूड' वाचकांस ठाऊक आहेत, गाळा त्याचाच भाऊबंद.) मुलांना बाप भेटे तो मनिऑर्डरीतून आणि यात्रेच्या चार दिवसांत. संपानंतर काहीजण रिकाम्या हातांनी परतले, तोवर घर त्यांच्यावाचून चालायला शिकले होते. दुःख बोलण्याची बापाला सवय नव्हती, ऐकण्याची मुलांना नव्हती. त्याच्या अबोल्याला गावाने तिरसटपणा म्हटले. तो आजारही असू शकतो, हे कोणाच्या मनातही आले नाही.

पवारांकडे याचा जाब मागणे अन्यायाचे. त्यांनी आपले गिरणगाव लिहिले. आमची तक्रार कोयनाकाठच्या लेखकांशी आहे. ओसरीवर बसलेला तो माणूस त्यांच्या रोजच्या पाहण्यातला होता.