‘वाहिले’ आणि ‘तिने वाहिले’ : एका शास्त्रीय संज्ञेची चिकित्सा

शास्त्रीय मराठीची चर्चा बहुधा पर्यायी शब्दांच्या यादीपाशीच थांबते. ‘ऑस्मॉसिस’ला पाठ्यपुस्तके ‘परासरण’ म्हणतात, तर मराठी विश्वकोश ‘तर्षण’ म्हणतो. यांतील ग्राह्य कोणता, यावर वाद होतो. तथापि शब्द निर्दोष असला म्हणजे त्याने घडविलेले वाक्य वस्तुस्थितीस धरून असतेच असे नाही. पेशीविज्ञानातील ‘सक्रिय वहन’ ही संज्ञा या दृष्टीने तपासण्याजोगी आहे. आणि ही तपासणी सावित्री नदीच्या खोऱ्यात करणे विशेष सोयीचे आहे.

सावित्री महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावून पोलादपूरवरून महाडास येते. वरचे पाणी गोडे. महाडच्या खाली खाडीचा खारेपणा सुरू होतो. पोलादपूरकडील ओढ्यात राहणाऱ्या खेकड्याच्या रक्तात भोवतालच्या पाण्यापेक्षा कितीतरी पट अधिक मीठ असते. पदार्थ दाटीकडून विरळाईकडे जातात, या नियमाने ते मीठ सतत बाहेर झिरपत राहते. तरीही खेकडा जगतो. कारण त्याच्या कल्ल्यांतील पेशी त्या गोड्या पाण्यातून सोडियम व क्लोराइड यांचे आयन वेचून आत घेतात, आणि त्यासाठी ऊर्जा खर्च करतात. माणसाच्या पेशीतही असाच विरोध चाललेला असतो. सोडियमचे प्रमाण पेशीबाहेर लिटरमागे सुमारे १४५ मिलिमोल, तर आत १० ते १५. पोटॅशियम उलट आत सुमारे १४० आणि बाहेर ४ ते ५. ही तफावत राखणारे प्रथिन डॅनिश शास्त्रज्ञ येन्स स्को यांनी १९५७ मध्ये उजेडात आणले, तेही खेकड्याच्याच पायातील मज्जातंतूंत. १९९७ च्या रसायनशास्त्रातील नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा त्यांना याच कार्यासाठी मिळाला. हे प्रथिन एटीपीचा एक रेणू खर्चून सोडियमचे तीन आयन बाहेर टाकते व पोटॅशियमचे दोन आत घेते.

आता ‘वहन’ हा शब्द पाहावा. मराठीत ‘वाहणे’ हे क्रियापद अकर्मकही आहे आणि सकर्मकही. सावित्री वाहते, आणि पोलादपूरच्या डोंगरी वाड्यांतील बायका उन्हाळ्यात खालच्या झऱ्याचे पाणी डोक्यावरून वर वाहतात. पहिल्या वाहण्यास उतार पुरेसा असतो. दुसऱ्यास पाठीचा कणा लागतो. भूतकाळात भाषा हा भेद स्वच्छ दाखविते : ‘पाणी वाहिले’ आणि ‘तिने पाणी वाहिले’. दोन वाक्यांत अंतर काय ते एका ‘तिने’चे, परंतु त्या ‘ने’ प्रत्ययात कर्ता आहे, श्रम आहे आणि श्रमाची किंमतही आहे. ‘वहन’ हे भाववाचक नाम होताच तो कर्ता नाहीसा होतो. मग गमावलेला अर्थ परत आणण्यासाठी ‘सक्रिय’ हे विशेषण जोडावे लागते. क्रियापदाने जे आपोआप सांगितले असते, ते नामाला उसने घ्यावे लागते.

हे उसने विशेषणही निर्दोष नाही. ‘सक्रिय’च्या जोडीला ‘निष्क्रिय’ येते, आणि व्यवहारात त्या शब्दाला आळसाचा वास आहे. वस्तुतः ‘निष्क्रिय’ वहनात रेणू स्वस्थ बसलेले नसतात; त्यांची हालचाल अखंड चालू असते, फक्त पेशीला त्यासाठी खर्च पडत नाही. ‘प्रवणता’ या शब्दाची गत याहून चमत्कारिक आहे. मूळ अर्थ उतार; पण शासकीय मराठीत ‘दरडप्रवण’ म्हणजे दरडीचा धोका असलेले. जुलै २०२१ मध्ये महाड तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळल्यानंतर या भागात तो शब्द कोणास अपरिचित राहिलेला नाही. तेथील विद्यार्थ्याने ‘संहतीची प्रवणता’ हे शब्द वाचून उताराऐवजी धोक्याची कल्पना केली, तर दोष त्याचा मानता येणार नाही. ‘उतारावरून’ आणि ‘चढावर’ हे साधे शब्द येथे अधिक काटेकोर ठरतात.

याउलट ‘पंप’ या परकीय शब्दावर अकारण रोष धरला जातो. विहिरीवरचा पंप पाणी वर चढवितो आणि त्यासाठी वीज किंवा डिझेल जळते, हे शेतकऱ्याला ठाऊक असते. म्हणजे चढ आणि खर्च या दोन्ही गोष्टी तो शब्द सांगतो. निवड आणि अदलाबदल मात्र तो सांगत नाही. विहिरीचा पंप पाण्याबरोबर गाळही खेचतो. पेशीचा पंप आयन पारखून घेतो, आणि तीन देऊन दोन घेतो. पाणी वाहणाऱ्या बाईची उपमाही येथे तोकडी पडते : ती स्वतः चढून जाते, प्रथिन मात्र पटलातच राहते आणि आकार बदलून कधी आत, कधी बाहेर उघडते.

हा काथ्याकूट केवळ कोशकारांसाठी नाही. जुलाब झालेल्या मुलाला मीठ-साखरेचे पाणी देताना त्यात साखर कशासाठी, असा प्रश्न आईला पडतो. चवीसाठी, असे मानून ती साखर कमीजास्त करते. पंपाने सोडियम बाहेर काढून आतड्याच्या पेशीत त्याची उणीव निर्माण केलेली असते. त्या उतारावरून सोडियम आत शिरते, पण तेथील वाहक प्रथिन ग्लुकोजची सोबत असेल तरच त्याला वाट देते. दोघांमागून पाणी येते. साखर ही येथे चव नसून जोडीदार आहे, आणि ती बेताबाहेर झाली तर जुलाब वाढतात. एका ठिकाणी चढविलेले ओझे दुसऱ्या ठिकाणी कसे कामी येते, हे ‘दुय्यम सक्रिय वहन’ या तीन शब्दांतून कोणत्या आईला उमगेल?

संज्ञा म्हणजे व्याख्या नव्हे, हा आक्षेप रास्त आहे. ‘सक्रिय वहन’ हद्दपार करण्याचे कारण नाही. परंतु संज्ञेच्या आजूबाजूचे गद्य क्रियापदांनी लिहिले पाहिजे : कोणी वाहिले, काय वाहिले, चढावर की उतारावर, आणि कशाच्या मोबदल्यात. या चार प्रश्नांची उत्तरे देणारे वाक्य मराठीस सहज साधते. ते टाळून नामांची रास रचणे ही भाषेची नव्हे, लिहिणाऱ्याची उणीव होय.